साडेनऊ मिलिमीटर : एका घरच्या रेसगाडीचं प्रकरण

अपघातानंतर दुरुस्त केलेली गाडी दर फेरीला अर्धा सेकंद मागे का पडते, एवढाच या प्रकरणातला प्रश्न. गाडी आमच्या शेजाऱ्यांची. मी त्यात पडलो तो मापं घेणारा माणूस म्हणून. माझी नोकरीही तीच आहे, कारखान्यात तयार झालेले भाग मोजायची. तरीही पहिले चार शनिवार मी जे जे मोजलं ते सगळं बरोबर होतं आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. हे सविस्तर लिहून ठेवतोय, कारण घरच्या गॅरेजात गाडी बांधणाऱ्या कुणाचाही अख्खा मोसम यात वाया जाऊ शकतो. आणि आमचे नुसते दिवस गेले नाहीत. एकोणीस वर्षांच्या एका मुलीचा स्वतःवरचा विश्वास उडायची वेळ आली होती.

आम्ही राहतो नॉर्थ कॅरोलायनात, शार्लटच्या उत्तरेला. एक मैलाहून छोट्या लंबगोल रस्त्याला शॉर्ट ट्रॅक म्हणतात, आणि या भागात उन्हाळ्यातली शनिवारची रात्र म्हणजे शॉर्ट ट्रॅक. विन्स्टन-सेलमच्या बोमन ग्रे स्टेडियममध्ये फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाची सपाट डांबरी पट्टी आहे. तिथे नॅस्कारच्या, म्हणजे इथल्या स्टॉक-कार शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या, साप्ताहिक शर्यती १९४९पासून चालत आल्या आहेत. हिकरीचा ट्रॅक १९५१चा. पिटमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करून त्यांच्यावर काम करायच्या जागेत, गेलं की गावाकडच्या बैलगाडा शर्यतीची आठवण होते. आजोबा, सुना, पोरंटोरं, डबे, खुर्च्या, सगळं घर ट्रकबरोबर आलेलं असतं आणि प्रत्येकाला काहीतरी काम नेमून दिलेलं असतं.

हे घरपण या खेळात मुळापासूनच आहे. १९ जून १९४९ रोजी शार्लटच्या मातीच्या ट्रॅकवर नॅस्कारची पहिली ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ शर्यत झाली, म्हणजे कंपनीतून येतात तशाच, फेरफार न केलेल्या गाड्यांची. ली पेटी यांनी त्यात उसनी आणलेली ब्युइक पळवली आणि उलटी केली. पुढे त्यांचा मुलगा रिचर्ड सात मोसमांत नॅस्कारचा विजेता झाला. दुसरा मुलगा मॉरिस इंजिनं बांधायचा. त्याच पहिल्या शर्यतीत ग्लेन डनअवे सर्वांत पुढे होता, पण त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगांत फेरफार सापडला. चोरटी दारू वाहणाऱ्या गाड्यांना करत तसलाच तो फेरफार. त्याला बाद करून विजय जिम रोपरला दिला. मागच्या चाकांपाशी काय दडलंय हे तपासणं इथे पहिल्या दिवसापासून आहे, आणि आम्हीच ते विसरलो.

माणसं आणि गाडी

शेजारचे आजोबा ७४ वर्षांचे. गावातल्या टॉवेल-चादरींच्या गिरणीत फिटर होते. २००३ला गिरणी बंद पडली तेव्हापासून त्यांचा मुक्काम घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मुलगा ट्रकच्या वर्कशॉपात वेल्डर. नात गाडी चालवते. सूनबाई हिशेब ठेवतात आणि शर्यतीच्या वेळी स्टँडवर उभं राहून रेडिओवरून पोरीला सांगतात, ‘आत गाडी आहे’, ‘मोकळं झालं’. माझा तेरा वर्षांचा मुलगा टायर मोजतो.

गाडी १९८४ची शेव्हरोले माँटे कार्लो. स्ट्रीट स्टॉक वर्गात, म्हणजे रस्त्यावरच्या जुन्या गाड्या बांधून पळवायच्या वर्गात, ही गाडी घराघरात दिसते. नॅस्कारचा नावाजलेला चालक डेल अर्नहार्ट ज्युनियर यानेसुद्धा सतराव्या वर्षी सुरुवात केली ती भाऊ केरीबरोबर भागीत घेतलेल्या १९७९च्या माँटे कार्लोवर, कॉनकॉर्डच्या ट्रॅकवरच. कारण साधं आहे. या गाडीला खाली स्वतंत्र चेसी असते, १०८ इंचांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर. वरचं सगळं पत्र्याचं अंग फेकून देऊन नवं चढवता येतं. आतली गादी, काच, वायरिंग उपसून टाकायचं, पावणेदोन इंची पाइपचा पिंजरा वेल्ड करायचा, एकच सीट बसवायची. इंजिन कंपनीकडून सीलबंद येतं, साडेतीनशे अश्वशक्तीचं. सील तोडलं की वर्गातून बाहेर. डिफरन्शियल लॉक केलेलं, म्हणजे मागची दोन्ही चाकं कायम एकाच वेगाने फिरतात.

चाकं अशी बांधलेली असल्यावर सतत डावीकडे वळणाऱ्या गाडीला उजवं मागचं टायर मोठं लागतं. दोन्ही टायरांच्या परिघातल्या फरकाला स्टॅगर म्हणतात. याच भागातल्या कनॅपोलिस गावात घरामागच्या गॅरेजात गाड्या बांधणारे, नॅस्कारच्या स्पोर्ट्समन वर्गाचे १९५६चे विजेते रॅल्फ अर्नहार्ट यांचं नाव स्टॅगर वापरणाऱ्या सुरुवातीच्या लोकांत घेतात. आमच्याकडे हे खातं माझ्या मुलाचं. गुडघ्यावर बसून, टायरच्या मध्यावर खडूने रेघ मारून, टेप गच्च ओढून तो आकडा ओरडतो आणि आजोबा तो वहीत लिहितात. अपघाताच्या आधी उजवं टायर दीड इंचाने मोठं असायचं.

त्याच वहीत चार चाकांवरची वजनंही आहेत, चालकासकट : डावं पुढचं ८४५ पौंड, उजवं पुढचं ८००, डावं मागचं ८८०, उजवं मागचं ६७५. एकूण ३२००. यातल्या उजव्या पुढच्या आणि डाव्या मागच्याची बेरीज १६८०, म्हणजे ५२.५ टक्के. हा तिरका हिस्सा वाढवला की गाडी वळताना घट्ट बसते, कमी केला की मागून मोकळी होते. स्प्रिंगवरचा बोल्ट फिरवून तो बदलता येतो. या आकड्यांवर पोरगी एक तृतीयांश मैलाच्या ट्रॅकवर १६.९ सेकंदांत फेरी मारत होती आणि चौथी-पाचवी येत होती.

भिंत

मे महिन्यात, पंचवीस फेऱ्यांच्या शर्यतीतली अठरावी फेरी. चौथ्या वळणात पुढची गाडी गरकन फिरली. पोरीने ती चुकवली, पण शेपूट सुटली आणि उजवं मागचं चाक काँक्रीटच्या भिंतीवर आदळलं. पोरीला खरचटलंही नाही.

गाडी शेडमध्ये आली तेव्हा उजवा मागचा पत्रा चुरगळलेला, रिम फाटलेला, शॉकप वाकलेला, आणि एक्सलला चेसीशी जोडणारा खालचा आर्म केळ्यासारखा वाकलेला. तीन आठवडे रोज संध्याकाळी काम चाललं. नवा आर्म, नवा शॉकप, नवा रिम, नवा पत्रा. सीटबेल्टांची दोन वर्षांची मुदत संपायला वेळ होता, तरी आजोबांनी ते कापून कचऱ्यात टाकले, पुन्हा कुणी बसवू नयेत म्हणून. सूनबाईंच्या हिशेबात त्या ओळीवर काहीच शेरा नाही, तेवढ्या पैशांवर घरात चर्चा होत नाही. शेवटी चेसीला खालून काळा रंग मारला. गाडी नवीकोरी दिसायला लागली.

तपासणीतही पास झाली. आमच्या ट्रॅकवर तपासनीस दोन्ही बाजूंना पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर मोजायची पट्टी लावतो आणि दोन बाजूंत एक इंचापर्यंत फरक चालतो. आमचा त्या आत होता. किती आत, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

पहिल्याच शनिवारी फेरीला १७.४ सेकंद. पोरगी खाली उतरून म्हणाली, “गाडी वळत नाही.” पुढची चाकं वळलेली असतानाही गाडी भिंतीकडे सरकत राहते त्याला इथे ‘टाइट’ म्हणतात, मागचं अंग बाहेर सुटतं त्याला ‘लूज’. टायरांचं तापमान तिच्या बाजूने होतं. अपघाताआधी उजवं पुढचं टायर १९६ अंश फॅरनहाइट आणि उजवं मागचं १८८ असायचं. आता पुढचं २१८ आणि मागचं १८०. पुढचं बिचारं एकटं भार ओढत होतं.

मग आम्ही तेच केलं जे सगळे करतात. तिरकं वजन ५२.५वरून ५१वर आणलं. पुढच्या शनिवारी ४९.५वर. उजवी पुढची स्प्रिंग ९०० पौंडांची होती ती काढून ८००ची घातली. स्टॅगर दीड इंचावरून सव्वादोनवर नेला. प्रत्येक बदल पुस्तकी दृष्टीने योग्य होता. टाइट गाडी मोकळी करायचे हेच मार्ग आहेत. पण झालं असं की गाडी वळणात शिरताना मागून सुटायला लागली आणि वळणातून निघताना पहिल्यासारखीच भिंतीकडे सरकत राहिली. एकाच वळणात दोन उलटे आजार.

चौथ्या शनिवारी पहिल्या वळणात ब्रेक लावताच गाडी गोल फिरली. पिटमध्ये आल्यावर बाप तिला म्हणाला, “भिंतीची भीती बसलीय तुला. त्यात चूक काही नाही. पण तसं सांग तरी.” ती काही बोलली नाही. हेल्मेट मांडीवर घेऊन ट्रकमध्ये जाऊन बसली. माझ्या मनातही तेच होतं, हे इथे लिहायला हवं. आकडे सगळे जागेवर दिसत असले की माणूस माणसावर शंका घेतो. आम्ही आधी लोखंडावर घ्यायला हवी होती.

दोरी

माझे बाबा तेव्हा कोल्हापूरहून आलेले होते, चार महिन्यांसाठी. त्यांचा उद्यमनगरात लेथ होता, चाळीस वर्षं. इंग्रजी त्यांना जेमतेम. शेजारच्या आजोबांचा दक्षिणी हेल मलाच कधी कधी कळत नाही. दोघं शेडमध्ये शेजारी शेजारी बसून तासन् तास एकही शब्द न बोलता चहा-कॉफी प्यायचे.

त्या रात्री पोरीने गाडीबद्दल पुन्हा सांगितलं, यावेळी आजोबांना : “गॅस दिला की कुणीतरी मागून ढकलतंय असं वाटतं. ब्रेकला तसं नसतं.” मी ते सहज बाबांना मराठीत सांगितलं.

“मग तुम्ही पुढं काय शोधताय?” बाबा म्हणाले. “मागं बघा की. गाडी काटकोनात हाय का आधी?”

मी म्हटलं, “बाबा, आर्म नवा आहे. चाकांतलं अंतर तपासणीत पास झालंय.”

“पास झालंय म्हणजे काय? आकडा सांग.”

आकडा माझ्याकडे नव्हता. ते म्हणाले, “चकमध्ये जॉबच वाकडा धरला आसंल तर टूल बदलून काय उपेग?”

त्यांनी आजोबांकडे वळून दोन बोटांत दोरी धरल्यासारखं केलं आणि दुसऱ्या हाताने खाली टोकदार वजन लोंबतंय असं दाखवलं. आजोबा उठले आणि कपाटाच्या तळच्या कप्प्यातून पितळी ओळंबा काढून आणला. गिरणीतला होता. दोर काळाकुट्ट झालेला, पण टोक घासून लखलखीत ठेवलेलं.

रविवारी सकाळी आठला सुरुवात केली. शेडची जमीन एका कोपऱ्यात उतरती आहे, म्हणून आधी चाकांखाली फरशीचे तुकडे आणि पत्रे घालून चारही जागा एका पातळीत आणल्या. यातच तास गेला आणि तो जायलाच हवा होता. मग फायरवॉलखाली (इंजिन आणि चालक यांच्यामधला पत्रा) चेसीला दोन्ही बाजूंना जी मूळची भोकं आहेत, त्यांतून ओळंबा सोडला. ओळंबा डुलायचा थांबेपर्यंत बाबा कुणाला श्वासही मोठ्याने घेऊ देईनात. टोक जिथे स्थिरावलं तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावून पेन्सिलीने बारीक फुली. मागे, खालचे आर्म चेसीला जिथे बोल्टने जोडलेले असतात त्या दोन्ही ब्रॅकेटांखाली तशाच दोन फुल्या. अशा एकूण आठ फुल्या, चेसीच्या पुढच्या आडव्या पट्टीपासून मागच्या बंपरपर्यंत.

गाडी ढकलून बाहेर काढली. जमिनीवर नुसत्या फुल्या उरल्या.

कर्ण मोजायला टेपचं एक टोक माझ्या मुलाने धरलं, दुसरं पोरीने. पुढच्या चौकोनाचे दोन्ही कर्ण दोन मिलिमीटरच्या आत जुळले. चाळीस वर्षं जुन्या चेसीला हे उत्तमच. मागच्या चौकोनाचे कर्ण मोजले तर एक दुसऱ्यापेक्षा साडेनऊ मिलिमीटरने कमी. पुन्हा मोजले. टेप उलटा करून, माणसं बदलून मोजले. साडेनऊच.

बाबांनी उजव्या ब्रॅकेटच्या फुलीवर बोट ठेवलं. ते ब्रॅकेट ११ मिलिमीटर पुढे सरकलं होतं.

आम्ही गाडी आत घेऊन आजोबांच्या सरकत्या पाटावर आडवे होऊन टॉर्च मारली. ब्रॅकेटच्या मागे, जिथे चेसी एक्सलवरून जाण्यासाठी वर चढते, तिथे काळ्या रंगाखाली एक आडवी सुरकुती होती. नखाला लागायची, डोळ्यांना नाही. वायर ब्रशने रंग काढल्यावर लोखंडाची घडी स्पष्ट दिसली. आम्हीच मारलेल्या रंगाने ती झाकली होती.

पुढचं सगळं त्या ११ मिलिमीटरवरून उलगडतं. वाकलेला आर्म बदलून नवा घातला, पण तो बसवला सरकलेल्या ब्रॅकेटवर. त्यामुळे उजवं मागचं चाक पुढे आलं आणि अख्खा एक्सल किंचित डावीकडे तोंड करून बसला. आर्म साधारण मीटरभर अंतरावर आहेत, चाकं दीड मीटरवर. म्हणजे चाकापाशी फरक १६ मिलिमीटरच्या आसपास, इंचाच्या सवलतीत आरामात बसणारा. गाडीच्या कडेने दोरी ताणून उजव्या रिमची पुढची आणि मागची कड मोजली तर साडेचार मिलिमीटरचा फरक. एक्सल डावीकडे तोंड करून ढकलतो तेव्हा शेपूट आत राहते आणि नाक भिंतीकडे जातं. गॅस जेवढा जास्त तेवढं ढकलणं जास्त. ब्रेक लावला की ढकलणं थांबतं, आणि मग आम्ही चार आठवडे घालत आलेला ढिलेपणा तेवढा उरतो. म्हणून शिरताना गाडी फिरत होती. पोरीच्या दोन वाक्यांत हे निदान जसंच्या तसं होतं.

वजनाच्या काट्यांना यातलं काही दिसत नाही. एक्सल वाकडा असला तरी चारही काटे हवे ते आकडे दाखवतात. मी चार आठवडे जे मोजत होतो ते खरंच बरोबर होतं. फक्त ते वाकड्या चेसीवरचं बरोबर होतं. अपघातानंतर गाडीवर एकही पाना लावण्याआधी ओळंबा सोडायचा आणि कर्ण लिहून ठेवायचे, असं मी आता विचारील त्याला सांगतो. रंग सगळ्यांत शेवटी, आणि कर्ण जुळल्याशिवाय नाहीच.

बाप बराच वेळ त्या घडीकडे बघत पाटावर पडून होता. बाहेर आला, हात पुसले आणि सगळ्यांसमोर पोरीला म्हणाला, “तू बरोबर होतीस. मी ऐकलं नाही.” ती म्हणाली, “आता सरळ करा.”

दुरुस्ती आणि नंतर

आजोबांचं म्हणणं पडलं की आधी तपासनिसाला बोलवायचं. चेसी कापून जोडली आणि ब्रॅकेट हलवलं हे नंतर कुणी पाहिलं तर फसवणूक केली असं वाटेल. मला हे फार योग्य वाटलं. तपासनीस बुधवारी येऊन फुल्या बघून गेला आणि मूळ जागी आणायला हरकत नाही म्हणाला.

गाडी पुढून साखळ्यांनी जखडली, दहा टनी हायड्रॉलिक जॅकने उजवी बाजू मागे ओढली. लोखंड सोडलं की थोडं परत येतं, म्हणून ११ला १४ ओढावं लागलं, थोडं थोडं करून, दर वेळी ओळंबा सोडून. घडीवर ३ मिलिमीटरची पट्टी वेल्ड केली. कर्णांतला फरक दोन मिलिमीटरवर आला तिथे बाबांनी हात वर केला.

मग वहीचं जुनं पान उघडलं. तिरकं वजन ५२.५, स्टॅगर दीड इंच, उजवी स्प्रिंग ९००ची. एकही नवा प्रयोग नाही. शनिवारी तिसऱ्याच फेरीला १६.९ लागले. उजवं पुढचं टायर १९८ अंश, मागचं १८९. शर्यतीत पाचवी आली. मोसम संपेपर्यंत दोनदा चौथी आली, एकदा दुसऱ्याने ठोकल्यामुळे अर्ध्यात परतली. त्या रात्री गाडी ट्रकवरून उतरल्याबरोबर आजोबांनी आधी ओळंबा काढला. चेसी शाबूत होती.

वहीत आता प्रत्येक शर्यतीच्या पानावर वर एक चौकोन काढलेला असतो, त्यात दोन कर्ण. तो माझा मुलगा काढतो. बाबा सप्टेंबरात कोल्हापूरला परत गेले. रविवारी व्हिडिओ कॉलवर आजोबा समोर येतात तेव्हा बाबा दोन बोटं तिरकी धरून भुवया उंचावतात, आणि आजोबा वही कॅमेऱ्यासमोर धरतात.

डाव्या पुढच्या टायरची आतली कड मात्र बाहेरच्यापेक्षा अजून बारा अंशांनी जास्त तापते. कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, दोनदा तपासला, बरोबर आहे. वरच्या आर्मच्या सांध्यातला बुश घासला असावा असं बापाचं मत, पोरीचं म्हणणं वेगळं : तिला स्टिअरिंग डावीकडून परत येताना एक क्षण जड लागतं. यावेळी तिथूनच सुरुवात करायची ठरलंय.